चिखलदऱ्याची कॉफी आणि माझी एक चूक

(या भागाचं हे लेखी रूप. बोलताना जशी भाषा आली, तशीच बऱ्यापैकी ठेवली आहे.)

आज मी पुण्यातून नाही, घरून बोलतोय. नांदगाव पेठवरून. घर हायवेला लागून आहे, त्यामुळे मधेच नागपूरकडे जाणारा एखादा ट्रक ऐकू आला तर सांभाळून घ्या.

आजचा विषय कॉफी. वऱ्हाडातला माणूस आणि कॉफी, हे काय नवीन? बरोबर आहे. आपल्याकडे पाहुणा आला की चहाच ठेवतात. कॉफी म्हणजे कोणी चहा सोडलेला असेल तर, किंवा परीक्षेच्या रात्री जागायचं असेल तर. दूध, साखर, चमचाभर इन्स्टंट पावडर आणि वरून किसलेलं जायफळ. बीटेकला जाईपर्यंत मला एवढीच कॉफी माहीत होती. ती मला आजही आवडते, त्यामुळे इथून पुढे मी जे बोलेन ते जायफळाच्या कॉफीविरुद्ध नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

पुण्यात नोकरीला लागल्यावर टीममधल्या एका मित्रानं त्याच्या कॉफीचं पाकीट दाखवलं. त्यावर लिहिलं होतं: चिकमगळूर, १,२०० मीटर, वाण एसएलएन ७९५, नॅचरल. खाली चवी दिल्या होत्या: गूळ, संत्र्याची साल, पिकलेली फळं. मला वाटलं, इसेन्स टाकला असेल. त्यानं काळी कॉफी करून दिली, दूध नाही, साखर नाही. पहिला घोट कडू लागला. थोडी निवल्यावर मात्र खरंच काहीतरी फळासारखं जाणवलं. मी पाकीट उलटंपालटं करून पाहिलं. त्यात कॉफीशिवाय काहीच नव्हतं.

तिथून मला नाद लागला. आणि त्या नादातच माझ्या हातून ती चूक झाली.

गेल्या वर्षी घरचे सगळे चिखलदऱ्याला गेलो होतो. येताना बाजारातून 'चिखलदरा कॉफी' लिहिलेलं एक पाकीट घेतलं. आपल्या अमरावती जिल्ह्यात कॉफी पिकते, हे अमरावतीच्याच कितीतरी लोकांना माहीत नसतं. मी मोठ्या अभिमानानं ते पाकीट पुण्याला नेलं आणि ऑफिसात सगळ्यांना कॉफी करून दिली. ती चांगली नव्हती. जळकट होती आणि तिला ओल्या पोत्यासारखा वास होता. सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मी लाजेपोटी हसत म्हणालो, "जाऊ द्या, आमच्याकडची माती कापसाचीच. कॉफी काही आमचं काम नाही."

प्रॉडक्शनमध्ये काही बंद पडलं आणि लॉग न बघता मी कोणाच्या मॉड्यूलवर बोट ठेवलं, तर माझा लीड मला सोडणार नाही. इथे मी नेमकं तेच केलं होतं. काहीही न तपासता थेट मातीला दोष दिला. आजचा भाग म्हणजे तो लॉग बघणं आहे. कॉफीच्या कपातली चव येते कुठून, आणि बिघडते कुठे?

सुरुवात मातीपासूनच करू. म्हणजे मूळ, ओरिजिन.

वरुड-मोर्शीकडच्या लोकांना हे समजावून सांगायची गरज नाही. एकच बाग, तीच संत्र्याची झाडं, तोच मालक. पण आंबिया बहाराचं संत्रं वेगळं आणि मृग बहाराचं वेगळं. आंबिया जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो आणि दिवाळीच्या आसपास तोडणीला येतो. मृग पावसाळ्याच्या तोंडाशी फुलतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. फळ कोणत्या हवेत वाढलं, किती थंडी खाल्ली, पाणी कधी मिळालं, हे सगळं त्याच्या गोडीत उतरतं. मृगाचं संत्रं गोड, हे आपण लहानपणापासून ऐकतो. कॉफीसुद्धा फळच आहे. आपण भाजतो ती त्याची बी.

आता यातले मुख्य भाग सांगतो. पहिला भाग म्हणजे जात. जगात मुख्यतः दोन जाती पितात, अरेबिका आणि रोबस्टा. रोबस्टात कॅफिन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट असतं, ती कडू आणि दाट लागते, आणि रोगांना जास्त टिकते. अरेबिका नाजूक. तिच्यात आंबटपणा आणि सुगंध जास्त. अरेबिकाचे पुन्हा वाण आहेत. ते एसएलएन ७९५ म्हणजे आपल्याच देशात निवड करून तयार केलेला वाण. कर्नाटकात बाळेहोन्नूरला केंद्रीय कॉफी संशोधन संस्था आहे, १९२५ मध्ये सुरू झालेली. आपल्याकडे कापसाचं बियाणं घेताना जेवढी चर्चा होते, तेवढीच तिकडे कॉफीच्या वाणाची होते.

दुसरा भाग, उंची. खरं म्हणजे उंचीमुळे येणारा गारवा. गार हवेत फळ हळू पिकतं. अरेबिकाचं फळ फुलापासून पिकेपर्यंत आठ-नऊ महिने घेतं. जितकं सावकाश पिकेल, तितकी बी घट्ट भरते आणि तिच्यात साखर आणि वेगवेगळी आम्लं जास्त साठतात. आंबट म्हटलं की आपल्याला खराब वाटतं, पण लिंबातलं आम्ल आणि सफरचंदातलं आम्ल ही दोन्ही कॉफीत असतात. चांगल्या कॉफीतला आंबटपणा हा फळाचा असतो, नासक्या दुधाचा नाही.

तिसरा भाग म्हणजे सावली आणि पाऊस. भारतात कॉफी बहुतेक करून मोठ्या झाडांच्या सावलीत घेतात. सिल्व्हर ओक, फणस, त्यावर मिऱ्याचे वेल. आणि मार्च-एप्रिलमध्ये एक पाऊस लागतो, ज्याला तिकडे ब्लॉसम शॉवर म्हणतात. तो पडला की आठवड्या-दीड आठवड्यात सगळी बाग पांढरी होते. तो चुकला की त्या वर्षीचं गणित चुकलं.

हे झालं मूळ. बागेत फळ लाल झालं, इथपर्यंतची गोष्ट. मला आधी वाटायचं की चव इथेच ठरते, पुढचं नुसतं वाळवणं आणि भाजणं. माझी अर्धी चूक इथेच होती.

कॉफीचं लाल फळ दिसायला थेट बोरासारखं. हातात घेऊन दाबलं की साल फाटते आणि आत दोन बिया, सपाट बाजू एकमेकींना लावून बसलेल्या. बियांवर चिकट, गोड, शेंबडासारखा थर असतो. ऐकायला घाण वाटेल, पण दुसरा शब्द मला सुचत नाही. त्याच्या आत कागदासारखं कडक टरफल. त्याच्या आत पातळ रुपेरी पापुद्रा. आणि मग हिरवट बी. ही बी मोकळी करायची आणि वाळवायची. कशी, यावर चव बदलते. मुख्य रीती तीन.

पहिली, वॉश्ड. साल यंत्रानं काढायची आणि चिकट थरासकट बिया टाकीत ठेवायच्या. बारा तास, चोवीस तास, हवेप्रमाणे छत्तीससुद्धा. तो चिकट थर आंबून सुटतो. मग भरपूर पाण्यानं धुवायचं आणि टरफलासकट वाळवायचं. याची चव स्वच्छ लागते. मुळातलं जे आहे, वाण, उंची, आंबटपणा, ते सरळ पुढे येतं.

दुसरी, नॅचरल. काही काढायचं नाही. अख्खं फळ उन्हात वाळवायचं, मनुका होईपर्यंत. आपण मिरच्या वाळवतो तसं. मेळघाटात मोहफुलं वाळवतात तसं. दोन-चार आठवडे फळ आतल्या आत थोडं थोडं आंबत राहतं आणि त्याचा परिणाम बीवर होतो. ही कॉफी दाट, गोड आणि पिकलेल्या फळाच्या वासाची होते. कधी कधी वाइनसारखीसुद्धा.

तिसरी, हनी. तिच्यात मधाचा थेंबही नसतो. साल काढायची, पण चिकट थर न धुता बियांवर तसाच वाळू द्यायचा. चव दोन्हीच्या मधली.

या रीतीचा फरक किती पडतो? इथिओपियात यिरगाचेफे नावाचा भाग आहे. तिथली वॉश्ड कॉफी लिंबू आणि मोगऱ्याच्या जातीच्या फुलांसारखी लागते. त्याच भागातली नॅचरल घ्या, जांभळट बेरीसारखी लागते. जो पहिल्यांदा पितो त्याला खरं वाटत नाही की डोंगर एकच आहे.

आणि मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे, कोणती रीत वापरायची हे बऱ्याचदा त्या जागेची हवाच ठरवते. ब्राझीलमध्ये तोडणीच्या दिवसांत कोरडी हवा आणि मोठाली मैदानं, म्हणून तिथे नॅचरल रुळली. इंडोनेशियात सुमात्रा बेटावर सतत दमट हवा, बी पूर्ण वाळतच नाही. मग तिथले लोक अर्धवट ओली असतानाच टरफल काढतात आणि मग वाळवतात. त्यातून सुमात्राची ती मातकट, जड चव आली.

आपल्या मंगळुरूच्या किनाऱ्यावरचं उदाहरण तर अजून भारी आहे. पूर्वी भारतातली कॉफी शिडाच्या जहाजातून आफ्रिकेला वळसा घालून युरोपला जायची. महिनोन् महिने समुद्राची दमट हवा खाऊन बी फुगायची, पिवळी पडायची, आंबटपणा जायचा. युरोपातल्या लोकांना तीच चव आवडायला लागली. १८६९ मध्ये सुएझ कालवा सुरू झाला, प्रवास लहान झाला, आणि ती चव गेली. मग इकडे किनाऱ्यावरच्या गोदामांत पावसाळ्याची ओली हवा मुद्दाम कॉफीला द्यायला लागले. जून ते सप्टेंबर बी पसरायची, परतायची, पुन्हा पसरायची. हीच मॉन्सून्ड मलबार. आज तिला भौगोलिक मानांकन आहे. प्रवासात झालेला बिघाड, पण लोकांनी तो नीट समजून घेतला आणि तीच रीत करून टाकली.

आता आपल्या घरच्या डोंगरावर येऊ.

चिखलदरा समुद्रसपाटीपासून साधारण १,१०० मीटर उंच. सातपुड्याची गाविलगड रांग. १८२३ मध्ये हैदराबाद रेजिमेंटमधला कॅप्टन रॉबिन्सन इथे आला आणि पुढे ते इंग्रजांचं थंड हवेचं ठिकाण झालं. कॉफीही इंग्रजांच्याच काळातली. महाराष्ट्रात कॉफी पिकणारं ठिकाण म्हटलं की चिखलदऱ्याचंच नाव घेतात.

नकाशावर बघा. कॉफी विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण २५ अंशांपर्यंत येते. चिकमगळूर १३ अंशांवर आहे, चिखलदरा २१ अंशांच्या पुढे. म्हणजे आपण जवळजवळ काठावर आहोत. उन्हाळा कडक, हिवाळ्यात पारा चांगलाच खाली, पावसाळ्यात धो धो आणि उन्हाळ्यात पाण्याची टंचाई. झाडासाठी हे सोपं नाही. पण काठावरची जागा वाईटच असते असंही नाही. थंडीत फळ सावकाश पिकतं, हे आत्ताच बोललो.

तर या डिसेंबरच्या शेवटी मी घरून काम करत होतो, तेव्हा ठरवलं की तपासायचंच. ओळखीतून चिखलदऱ्यातल्या एका घराचा पत्ता लागला. त्यांच्या परसात कॉफीची पंधरा-वीस जुनी झाडं होती. पहाटे निघालो. वलगाव, आसेगाव, परतवाडा आणि मग धामणगाव गढीवरून घाट. त्या घरच्या काकांना म्हटलं, मला चार किलो फळं द्या, पण मी स्वतः तोडतो, फक्त लाल. ते म्हणाले, तोड बाप्पा, पक्षीच खातात तसेही.

फक्त लाल तोडणं म्हणजे काय, ते तेव्हा कळलं. एकाच फांदीवर लाल फळ, त्याच्या शेजारी पिवळं, त्याच्या मागे हिरवं. फांदीवरून हात ओढला की सगळं एका झटक्यात खाली येतं. एकेक वेचायचं म्हटलं की वेळ जातो. मी आणि माझा चुलतभाऊ, दोघांना चार किलोला अख्खी सकाळ लागली. सवय नव्हती हे मान्य, पण तरी.

घरी आलो तर आई म्हणाली, "काय रे हे? बोरं आणलीत का एवढी?"

दोन किलोचं वॉश्ड केलं, दोन किलोचं नॅचरल. आधी सगळी फळं बादलीत टाकली. जी तरंगतात ती पोकळ किंवा किडकी, ती काढून टाकली. मग दोन किलोची साल हातानं काढली आणि बिया पातेल्यात झाकून ठेवल्या. इंटरनेटवर वाचलं होतं की बारा ते छत्तीस तास. म्हणजे नेमके किती? मी फोनवर टायमर लावून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी आईनं झाकण उघडलं, वास घेतला, बोटानं बिया चोळल्या आणि म्हणाली, "हे त कुरडईच्या चिकासारखंच आहे. आंबूस वास येऊन राहिला न? झालं हे. अजून ठेवशील त सडन."

ज्यांनी घरी कुरडया केल्या आहेत त्यांना माहीत आहे. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, आणि चीक कधी काढायचा हे नाकाला कळतं. उन्हाळा कडक असेल तर एक दिवस आधी. आईला फर्मेंटेशन हा शब्द माहीत नाही, पण तिच्या हातात चाळीस वर्षांचा अनुभव आहे. मी टायमर बंद केला. बिया धुतल्या तेव्हा बोटांना खडबडीत लागत होत्या, म्हणजे चिकट थर सुटला होता. पुस्तकातली खूणही हीच आहे.

वाळवायला गच्चीवर बाज टाकली आणि वर नायलॉनची जाळी. आफ्रिकेत कॉफी जमिनीपासून उंच, जाळीच्या मांडवांवर वाळवतात, खालून-वरून हवा लागावी म्हणून. आपली बाज त्याच कामाची निघाली. दुपारचं ऊन कडक झालं की वर जुनी साडी. फार झटकन वाळली तर टरफल तडकतं. बी साधारण १० ते १२ टक्के ओलाव्यावर आणायची असते. बाबांना हे सांगितल्यावर ते हसले. सीसीआयच्या केंद्रावर कापसात १२ टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की माल घेत नाहीत. ओलाव्याचं भांडण त्यांनी आयुष्यभर केलंय.

वॉश्डच्या बिया अकरा दिवसांत वाळल्या. नॅचरलला वेळ लागत होता. आणि मधेच तिवस्याला लग्न निघालं. दोन दिवस आम्ही नव्हतो. जाताना दव लागू नये म्हणून मी फळांचा ढीग केला आणि वरून प्लॅस्टिक झाकलं. परत येऊन प्लॅस्टिक काढलं आणि तिथेच थांबलो.

ओल्या पोत्याचा वास. तोच. ऑफिसात ज्याची लाज वाटली होती, अगदी तोच.

ढिगाच्या खालच्या अर्ध्या फळांना पांढरी बुरशी आली होती. ती टाकून दिली, बुरशीची कॉफी प्यायची नसते. वरची चांगली होती ती पुन्हा पातळ पसरून वाळवली. पण माझ्यासाठी तपास तिथेच संपला होता. तीच झाडं, तीच माती, तीच सकाळची तोड. एका बाजूला स्वच्छ वाळलेल्या बिया आणि दुसऱ्या बाजूला तो वास. तो वास मातीनं दिला नव्हता. तो मी दिला होता, दोन दिवसांच्या हलगर्जीपणानं.

ते बाजारातलं पाकीट का बिघडलं होतं, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्यावर भाजल्याची तारीख नव्हती, तोडणी कधीची ते नव्हतं. पण "आमची माती कॉफीची नाही" हे बोलायला माझ्याकडे काही आधार नव्हता, एवढं नक्की.

पुढचं थोडक्यात. टरफल खलबत्त्यात हलक्या हातानं फोडलं, आईनं सुपात पाखडलं. दोन किलो फळातून वॉश्डची जेमतेम साडेतीनशे ग्रॅम हिरवी बी निघाली. म्हणजे एक किलो बीला सहा किलोच्या आसपास फळ लागतं. भाजली लोखंडी कढईत, सतत हलवत. काही वेळानं लाह्यांसारखा तडतड आवाज आला, त्याला फर्स्ट क्रॅक म्हणतात. तो थांबल्यावर थोड्या वेळात उतरवली. जास्त भाजली असती तर सगळ्या कॉफ्या एकसारख्याच लागल्या असत्या, कोळशासारख्या. मुळाची चव लपवायची असेल तर जास्त भाजणं हा सोपा मार्ग आहे. तीन दिवस डब्यात ठेवली.

मग वाट्या मांडल्या. साधारण दीडशे मिली पाण्याला आठ-सव्वाआठ ग्रॅम कॉफी, उकळी उतरलेलं पाणी, चार मिनिटं, मग वरचा फेस चमच्यानं मोडायचा आणि वास घ्यायचा. जगभर कॉफीची परीक्षा अशीच करतात. शंभरपैकी ८० गुण मिळाले की स्पेशालिटी. आमच्याकडे गुण द्यायला आई-बाबा होते.

वॉश्ड होती ती साधी आणि हलकी. थोडी संत्र्याच्या सालीसारखी, शेवटी किंचित कच्च्या शेंगदाण्यासारखी. तो कच्चेपणा माझ्या भाजण्याचा. नॅचरलची वाटी आईनं नाकाशी धरली आणि म्हणाली, "ह्याले मोहाचा वास आहे." मी पुन्हा वास घेतला. खरंच होता. पाकिटावर कोणी 'वाइन' लिहील, 'बेरी' लिहील. आईनं आयुष्यात दोन्ही चाखलेलं नाही. तिला मोह माहीत आहे. माझ्या मते ते वर्णन जास्त बरोबर होतं.

बाबांनी दोन्ही प्यायल्या, साखर मागितली, आणि मग विचारलं, "मंग एवढ्या उठाठेवीचा भाव किती भेटते?"

हा खरा प्रश्न आहे, आणि मी त्यावर अजून विचार करतोय. पुण्यात मी अडीचशे ग्रॅमला साडेपाचशे रुपये देतो. पण लाल फळ एकेक वेचणारीला मजुरी किलोवर मिळत असेल, तर ती हिरवं का सोडेल? फांदी ओढली की वजन भरतं. म्हणजे माझ्या कपात फळाची गोडी येणार की हिरव्याचा तुरटपणा, हे मजुरी कशी मोजली यावर ठरतं. मी आधी ओरिजिन म्हणजे डोंगर आणि वाण समजायचो. त्या डोंगरावर काम करणाऱ्या माणसाला काम नीट करण्याचे पैसे मिळतात का, हेही त्यात येतं.

वऱ्हाडात आपण कापूस विकतो आणि शर्ट विकत घेतो. संत्रं विकतो आणि ज्यूसचा डबा विकत घेतो. आमच्या नांदगाव पेठेच्या एमआयडीसीत टेक्स्टाइल पार्क आला तेव्हा लोकांना आशा वाटली होती ती याचमुळे, की माल इथेच पुढच्या पायरीला जाईल. कॉफीतही चव आणि भाव दोन्ही तोडणीनंतरच्या पायऱ्यांवर बनतात.

आणि हे स्वप्नरंजन नाही. आंध्रात अरकू खोरं आहे, पूर्व घाटात. तेही १८ अंशांवर, नेहमीच्या कॉफीपट्ट्याच्या बाहेर. उंची आपल्या चिखलदऱ्याच्या जवळपास, शेतकरी आदिवासी, एकेकाकडे थोडीथोडी जमीन. तिथे पिकलेलंच फळ घेणं, एका जागी नीट प्रक्रिया करणं, यावर वर्षानुवर्षं काम झालं. २०१७ मध्ये त्या कॉफीचं दुकान पॅरिसला उघडलं आणि २०१९ मध्ये अरकूच्या अरेबिकाला भौगोलिक मानांकन मिळालं. चिखलदऱ्यात लागवड फार कमी आहे, त्यामुळे उद्या तसंच होईल असं मी म्हणत नाही. पण डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे कोरडी हवा आणि चांगलं ऊन असतं, आणि पाणी जपून वापरावं लागतं. मला वाटतं, भरपूर पाणी मागणाऱ्या वॉश्डपेक्षा नॅचरल किंवा हनी आपल्या डोंगराला जास्त मानवेल. फक्त कोणी लग्नाला जाताना ढीग करून जाऊ नये.

तुम्हाला हा फरक स्वतः चाखायचा असेल तर सोपं आहे. एकाच भागातली, शक्य असेल तर एकाच बागेतली दोन छोटी पाकिटं घ्या, एक वॉश्ड, एक नॅचरल. भाजल्याची तारीख बघा, महिन्याभराच्या आतली असली तर उत्तम. आणि चिकोरी मिसळलेली नको, चिकोरी ही वेगळ्या झाडाची मुळी आहे. दोन वाट्यांत सारख्या मापानं करा. पहिला घोट गरम घेऊ नका, निवू द्या, चव निवल्यावर उघडते. आणि पाकिटावरचे शब्द आधी वाचू नका. तुम्हाला बोरं आठवली, चिंच आठवली, आजीच्या घरचा गुळाचा डबा आठवला, तर तेच लिहून ठेवा.

मी पुण्याला परत जाताना वॉश्डची उरलेली शंभरेक ग्रॅम सोबत नेणार आहे. ऑफिसात त्याच टेबलावर त्याच लोकांना करून देईन आणि माझे शब्द मागे घेईन. ती जगातली उत्तम कॉफी नाही. पण स्वच्छ आहे, आणि आपल्या डोंगराची आहे. नॅचरल नेता येणार नाही. ती आईनं डब्यात भरून वर ठेवली आहे आणि काल रात्री त्यात दूध, साखर, जायफळ घालून प्यायली. मला म्हणाली, आता खरी लागली.

तुमच्या गावात असं काही पिकतं का, ज्याला तुम्हीच नावं ठेवता? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. तोपर्यंत, काळजी घ्या. भेटू.